हिटलरचा जर्मनी आणि ख्रिस्ती चर्च : वर्गातील एका प्रश्नाचे उत्तर

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी नाझी राजवटीचा भाग शिकवीत होतो. छळछावण्यांविषयी सांगून झाले तेव्हा वर्ग अगदी शांत होता. मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, त्या लोकांनी धर्म सोडला होता म्हणूनच ते असे वागले ना?" तास संपत आला होता. "हो, तसे म्हणता येईल," असे मी म्हणालो आणि तेवढ्यात घंटा झाली.

माझे ते उत्तर चुकीचे होते. इतिहास हाच माझा विषय असल्यामुळे ते चुकीचे आहे हे मला माहीत असावयास हवे होते, आणि थोडेफार माहीतही होते. पण सोपे उत्तर तोंडावर असले की माणूस ते देऊन मोकळा होतो. त्या मुलाची फसवणूक झाली याची रुखरुख मनात राहिली. या स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला तेव्हा हाच विषय घ्यावा असे मी ठरविले. विद्यार्थ्यांबरोबर पालकही हा अंक वाचतात, आणि ते सोपे उत्तर मी मूळ ऐकले ते आपल्या वडीलधाऱ्यांकडूनच.

आपल्या बैठकांत पाश्चात्त्य देशांचा विषय निघाला की बोलणे ठरलेल्या वाटेने जाते. त्यांच्याकडे विज्ञान आहे, पैसा आहे, शिस्त आहे. पण त्यांनी धर्म सोडला, म्हणून म्हातारे आईबाप आश्रमात, संसार मोडलेले आणि तरुण पिढी नशेत. यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणत नाही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. त्यांनी धर्म केव्हा सोडला? आणि विसाव्या शतकातील सर्वांत मोठे पाप त्यांच्या हातून घडले ते धर्म सोडल्यानंतर की त्यापूर्वी?

हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी जर्मनीचा चॅन्सेलर झाला. त्या वर्षी जर्मनीची लोकसंख्या सुमारे साडेसहा कोटी होती. तिच्यापैकी चार कोटींहून अधिक प्रॉटेस्टंट व दोन कोटींहून अधिक कॅथलिक होते; म्हणजे शंभरातील पंच्याण्णव माणसे कागदोपत्री ख्रिस्ती होती. ज्यू शंभरात एकही भरत नव्हते. हा मार्टिन ल्यूथरचा देश होता. मुलांचे बाप्तिस्मे होत होते, लग्ने चर्चमध्ये लागत होती, शाळेत धर्मशिक्षणाचा तास होता आणि सैनिकाच्या कमरेच्या पट्ट्यावर 'देव आमच्या बाजूला आहे' अशा अर्थाची अक्षरे कोरलेली होती. ज्या देशाने धर्म सोडला असे मी वर्गात सांगितले तो देश हा असा होता.

आता हिटलरचे स्वागत चर्चने का केले हे थोडक्यात सांगतो, कारण पाठ्यपुस्तकात त्याची कारणे आहेतच. पहिल्या महायुद्धातील पराभव, १९१९ चा व्हर्सायचा तह, १९२३ ची भयंकर चलनवाढ आणि १९३२ पर्यंत साठ लाखांच्या घरात गेलेली बेकारी ही ती कारणे होत. त्यांत आणखी एकाची भर घातली पाहिजे. रशियात कम्युनिस्टांनी चर्चे बंद पाडली, पाद्र्यांना तुरुंगात घातले, हे जर्मन पाद्री पाहत होते. त्या संकटातून वाचवणारा पुढारी मिळाला असे त्यांना वाटले. भीती खोटी नव्हती. पण भ्यालेला माणूस कोणाच्या पदराआड लपतो हे त्याला अनेकदा नंतर कळते. त्याच वर्षी २० जुलैला पोपच्या व्हॅटिकननेही हिटलरशी करार केला. कॅथलिक शाळा, संस्था सुरक्षित राहाव्यात, आणि त्या मोबदल्यात पाद्र्यांनी राजकारणात पडू नये, असा त्याचा आशय होता. आपल्या संस्था वाचाव्यात म्हणून गप्प राहण्याचा हा व्यवहार संस्थाचालकांना फार ओळखीचा वाटेल.

प्रॉटेस्टंटांत तर 'जर्मन ख्रिस्ती' नावाचा पक्षच निघाला. देव, रक्त आणि राष्ट्र हे सारे एकच, असे त्यांचे म्हणणे. जुलै १९३३ मध्ये चर्चच्या निवडणुका झाल्या आणि सुमारे दोनतृतीयांश जागा या लोकांनी जिंकल्या. मते देणारे नास्तिक नव्हते, चर्चचे सभासद होते. सप्टेंबरमध्ये लुडविग म्यूलर हा हिटलरचा विश्वासू माणूस राष्ट्रीय बिशप झाला. ज्याच्या अंगात ज्यू रक्त आहे त्याने पाळकाचे काम करू नये, असा ठराव प्रशियाच्या चर्चच्या सभेत झाला. वाचकहो, येशू स्वतः ज्यू आईच्या पोटी जन्मला, त्याचे शिष्यही ज्यू होते. त्यांच्यापैकी एकालाही या ठरावानुसार बर्लिनच्या साध्या चर्चमध्ये उपदेश करता आला नसता! १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या क्रीडागृहात वीस हजारांची सभा झाली. बायबलातील जुना करार टाकून द्यावा, अशी मागणी एका वक्त्याने तेथे केली आणि सभेने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मात्र पुष्कळांचे डोळे उघडले.

ज्यू कोण, हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. कोकणातील आपल्या जुन्या माणसांना शेजारचे बेने इस्रायल ठाऊक होते. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' म्हणत ते हेच. आणि ज्यांची पहाटेची ओळखधून ऐकत आपल्या वडिलांची पिढी जागी होई, त्या आकाशवाणीच्या धुनेचा रचनाकार वॉल्टर काउफमन हाही एक ज्यू संगीतकार होता. युरोप सोडून तो १९३४ साली मुंबईला आला होता.

येथे एका लहानशा गोष्टीवर मला थोडे थांबावयाचे आहे. तिच्याविषयी पाठ्यपुस्तकात ओळही नाही. ती गोष्ट म्हणजे दाखला. एप्रिल १९३३ मध्ये कायदा झाला की सरकारी नोकराने आपण 'आर्य' असल्याचा पुरावा द्यावा. शिक्षकही सरकारी नोकरच. पुरावा म्हणजे आजी-आजोबांपर्यंतच्या जन्माचे उतारे. पण साऱ्या जर्मनीत सरकारी जन्मनोंद १८७६ पासूनच सुरू झालेली. त्याआधीची नोंद फक्त चर्चच्या बाप्तिस्मा-वहीत. तेव्हा लक्षावधी माणसे चर्चच्या कचेरीत जाऊन उभी राहिली, आणि पाळकांनी व कारकुनांनी उतारे काढून दिले. बर्लिनमध्ये तर १९३६ साली या कामासाठी चर्चनेच वेगळे कार्यालय उघडले. कोणाचा आजोबा बाप्तिस्मा घेण्यापूर्वी ज्यू होता हे या वह्यांतून बाहेर आले, आणि ज्यांचे बाहेर आले त्यांची प्रथम नोकरी गेली, मग घर गेले, मग पुष्कळांचा जीव गेला.

जून महिन्यात आम्ही शिक्षक व शाळेचे लिपिक दाखले लिहीत बसतो. जन्मतारीख, जात, धर्म, जन्मस्थळ. हात आपोआप चालतो. तो जर्मन पाळकही असाच लिहीत बसला असेल. त्याने कोणाला मारले नाही, शिवी दिली नाही. अक्षर स्वच्छ काढले आणि खाली शिक्का मारला. हे वाचल्यापासून दाखला लिहिताना माझा हात क्षणभर अडतो, एवढे सांगतो.

शाळांचेही तसेच झाले. त्या काळच्या गणिताच्या पुस्तकांत अशी उदाहरणे होती की एका वेड्याला सांभाळण्यास रोज इतका खर्च येतो, तर तेवढ्यात कामकरी कुटुंबांसाठी किती घरे बांधता येतील? मुलांनी भागाकार केला, उत्तर बरोबर आले, गुरुजींनी खूण केली. पुढे १९३९ नंतर वेडे, अपंग, मतिमंद यांना खरोखरच विषारी वायूने मारण्यात येऊ लागले. ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे सत्तर हजार माणसे अशी मारली गेली.

विरोध झालाच नाही असे मात्र नाही. मार्टिन नीम्योलर हा पाळक पहिल्या महायुद्धात पाणबुडीचा कप्तान होता आणि त्याने स्वतः नाझी पक्षाला मत दिले होते. चर्चमध्ये वंशाचा नियम आला तेव्हा तो उठला. त्याने पाळकांचा संघ काढला, आणि १९३४ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे सात हजार पाळक त्यात आले. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे सभा भरली. कार्ल बार्ट या विद्वानाने लिहिलेले निवेदन तिने मंजूर केले. देवाच्या वचनाखेरीज दुसऱ्या कोणत्याही सत्तेला चर्चने आपला प्रभू मानू नये, असा त्याचा गाभा. या मंडळींना 'कबुलीचे चर्च' म्हणतात. आमच्या बी. ए. च्या पुस्तकांत हे निवेदन धैर्याचे उदाहरण म्हणून होते, आणि ते धैर्याचे होतेही. नीम्योलर १९३७ पासून १९४५ पर्यंत तुरुंगात आणि छावण्यांत होता. परंतु ते निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले तर एक शब्द त्यात सापडत नाही, तो म्हणजे ज्यू. चर्चचे स्वातंत्र्य धोक्यात आले तेव्हा ते बोलले. शेजाऱ्याचे प्राण धोक्यात आले तेव्हा बहुतेक गप्प राहिले. ती आपली चूक झाली हे बार्टनेही पुढे कबूल केले.

डीट्रिख बोनहोफर हा सत्तावीस वर्षांचा तरुण पाळक अपवाद होता. एप्रिल १९३३ मध्येच त्याने लिहिले की चर्चने सरकारला जाब विचारावा. चाकाखाली आलेल्यांना, मग ते ख्रिस्ती असोत नसोत, मदत करावी. आणि वेळ आली तर ते चाकच अडवावे. अहिंसेचा प्रतिकार शिकावा म्हणून त्याला हिंदुस्थानात यावयाचे होते. गांधीजींनी नोव्हेंबर १९३४ मध्ये त्याला आश्रमात येऊन राहण्याचे निमंत्रणही दिले होते. ते येणे झाले नाही. युद्ध सुरू होण्याच्या तोंडावर तो सुरक्षित अमेरिकेत पोहोचला होता, पण काही आठवड्यांतच परतला. ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपण्यास महिना उरला असता, त्याला फाशी देण्यात आले.

बोनहोफरचे नाव जगाला ठाऊक आहे. मला येथे विशेष सांगावयाचे आहे ते एका शिक्षिकेविषयी. तिचे नाव एलिझाबेथ श्मित्झ. जन्म १८९३. बर्लिन विद्यापीठात नामवंत इतिहासकार फ्रीड्रिख माइनेके याच्या हाताखाली तिने डॉक्टरेट मिळवली होती. बर्लिनच्या मुलींच्या माध्यमिक शाळेत ती इतिहास, जर्मन भाषा आणि धर्म हे विषय शिकवीत असे. अविवाहित, शांत, सभेत भाषण न करणारी बाई. चर्चच्या बड्या पुढाऱ्यांना ती पत्रे लिही, भेटे आणि विचारी, की आपण बोलत का नाही?

१९३५ च्या उन्हाळ्यात तिने एक निवेदन लिहिले. इतिहासाच्या शिक्षिकेने लिहावे तसेच ते होते. भावनेचे शब्द कमी, नोंदी जास्त. कोणत्या गावात कोणती पाटी लागली, दुकानदारांवर काय गुजरले, शाळेत ज्यू मुलांना सोबती कसे चिडवतात आणि शिक्षक कसे पाहत राहतात, हे सारे तिने मांडले. मग विचारले की हे सर्व चालले असता चर्च कोठे आहे? सप्टेंबर १९३५ मध्ये बर्लिनच्या श्टेग्लिट्झ भागात कबुलीच्या चर्चची सभा होती. तिच्यापुढे हे निवेदन यावे म्हणून तिने धडपड केली. सभेने ते चर्चेलाही घेतले नाही. त्याच महिन्यात न्युरेम्बर्गचे कायदे झाले आणि ज्यूंचे नागरिकत्व गेले. मे १९३६ मध्ये तिने निवेदनाला पुरवणी जोडली, स्वतःच्या हाताने सुमारे दोनशे प्रती काढल्या आणि वाटल्या. त्यावर नाव घातले नाही. घातले असते तर छावणी ठरलेली होती.

नोव्हेंबर १९३८ च्या ९ तारखेच्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, दुकाने फोडली गेली आणि त्या दिवसांत सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना पकडून नेले. दुसऱ्या दिवशी, १० नोव्हेंबरला ल्यूथरचा जन्मदिवस होता. थुरिंगियाच्या मार्टिन सासे या बिशपने पुस्तिका काढून या योगायोगाबद्दल आनंद व्यक्त केला! ल्यूथरने १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध जे विखारी लिहिले होते त्याचे उतारे त्याने छापले. म्हणजे विष बाहेरून आले होते असेही नाही. घरच्याच कपाटात जपून ठेवलेले होते. हे वाक्य लिहिताना मला फक्त ख्रिस्ती घरे आठवत नाहीत, हे वाचकांनी समजून घ्यावे.

श्मित्झ बाईंचे वय तेव्हा पंचेचाळीस होते. त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्यांनी सरकारकडे अर्ज केला की मला सेवानिवृत्त करावे. अशा अर्जात माणूस प्रकृतीचे कारण लिहितो. त्यांनी खरे कारण लिहिले. राष्ट्रीय समाजवादी राज्याची जी अपेक्षा आहे त्याप्रमाणे इतिहास, भाषा व धर्म हे विषय शिकविणे आपल्याला जमेल की नाही याविषयी शंका वाढत गेली आहे, असा त्याचा आशय होता. असे लिहून त्या घरी बसल्या. नशीब एवढेच की निवृत्तिवेतन मंजूर झाले. पुढे युद्धकाळात स्वतःच्या बर्लिनच्या घरात आणि गावाबाहेरील लहान घरात त्यांनी लपलेल्या ज्यूंना आसरा दिला.

मी पगारदार शिक्षक आहे. घरी माणसे आहेत, डोक्यावर कर्ज आहे. त्यांच्या जागी मी काय केले असते, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

एक गोष्ट न्यायासाठी सांगितली पाहिजे. म्यून्स्टरचा कॅथलिक बिशप फॉन गालेन याने ३ ऑगस्ट १९४१ रोजी व्यासपीठावरून वेड्यांच्या व अपंगांच्या हत्येविरुद्ध उघड बोलून दाखवले. भाषणाच्या प्रती गुपचूप देशभर फिरल्या. त्याच महिन्यात सरकारने ती योजना अधिकृतपणे थांबवली. चोरून पुढेही चालली, पण गाजावाजाला हिटलर भ्याला, एवढे खरे. याचा अर्थ चर्च बोलले असते तर काही ऐकले गेले असते. ज्यूंसाठी बर्लिनच्या बर्नहार्ड लिख्टेनबर्ग या कॅथलिक पाद्र्याने रोज उघड प्रार्थना केली. त्याला अटक झाली आणि १९४३ मध्ये दाखाउ छावणीच्या वाटेवर तो मरण पावला. तो जवळजवळ एकटाच होता.

आता विद्यार्थी मित्रांनो, जर्मनी सोडून थोडे फ्रान्समध्ये चला. दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ पठारावर ल शाँबों नावाचे गाव आहे. थंडी कडक, जमीन हलकी, लोक शेतकरी. हे प्रॉटेस्टंटांचे गाव, आणि कॅथलिक फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट म्हणजे मूठभर. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हापासून शंभर वर्षे त्यांनी रानात, गुहांत लपून प्रार्थना केल्या. मारी द्युराँ नावाची मुलगी एकोणीस वर्षांची असताना बुरुजात कोंडली गेली ती अडतीस वर्षांनी सुटली. धर्म सोडते एवढे म्हणाली असती तर केव्हाच सुटली असती. या गोष्टी तेथील आज्या नातवंडांना सांगत.

जून १९४० मध्ये फ्रान्सने शरणागती पत्करली. दुसऱ्याच दिवशी रविवार होता. आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तैस या दोन पाळकांनी चर्चमध्ये सांगितले की जेव्हा आपल्या विवेकाविरुद्ध वागण्यास भाग पाडले जाईल, तेव्हा आपण आत्म्याच्या शस्त्रांनी प्रतिकार करू. या दोघांनी १९३८ मध्ये गावात एक माध्यमिक शाळा काढलेली होती. जर्मनीतून, ऑस्ट्रियातून, पॅरिसमधून पळालेले ज्यू हळूहळू या गावात येऊ लागले. त्रोक्मेची पत्नी माग्दा दार उघडी आणि आत या म्हणे. मुलांना शाळेत बाके मिळाली, शेतकऱ्यांच्या घरांत झोपण्यास जागा मिळाली. खोटी ओळखपत्रे तयार होऊ लागली. येथेही कागद आणि शिक्काच. फरक काय तो वाचकांच्या ध्यानात आला असेल.

जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनीच तेरा हजार ज्यूंना पकडले, त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. पुढच्या महिन्यात सरकारचा युवक खात्याचा मंत्री ल शाँबोंला भेट देण्यास आला. शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांनी त्याच्या हाती पत्र दिले. आमच्यात ज्यू आहेत, आम्ही भेद मानत नाही, आणि त्यांना न्यावयास आलात तर आम्ही त्यांना लपवू, असे त्यात सांगितलेले होते. थोड्याच दिवसांत पोलीस खरोखर बसगाड्या घेऊन आले आणि जवळजवळ रिकामे परतले. त्रोक्मेकडे ज्यूंची यादी मागितली तेव्हा तो म्हणाला की ज्यू कोण हे मला ठाऊक नाही, मला माणसे ठाऊक आहेत. १९४३ मध्ये त्याला, तैसला आणि सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला काही आठवडे छावणीत ठेवले होते. त्याचा नातलग दानिएल त्रोक्मे हा शिक्षक विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाचा प्रमुख होता. जून १९४३ मध्ये गेस्टापोने छापा घातला तेव्हा तो आपल्या मुलांबरोबर पकडला गेला आणि पुढच्या वर्षी मायदानेकच्या छावणीत मेला.

या पठारावर आसरा मिळालेल्यांचा आकडा तीन ते पाच हजार असा सांगतात. काही इतिहासकार तो कमी धरतात. गावकऱ्यांना पुढे लोक विचारीत, की तुम्ही एवढे धाडस कसे केले? ते गोंधळून जात. दारात माणूस उभा होता, दुसरे काय करणार, असे त्यांचे म्हणणे.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे या. ल शाँबोंच्या लोकांचा ग्रंथ कोणता? तोच, जो त्या उतारे देणाऱ्या पाळकाच्या टेबलावर होता. मग फरक कोठे पडला? मला वाटते, एकाच्या हातात तो ग्रंथ स्वतःला तपासण्यासाठी होता आणि दुसऱ्याच्या हातात इतरांपासून स्वतःला वेगळे काढण्यासाठी. आणखीही एक कारण असावे. ल शाँबोंचे लोक स्वतः अल्पसंख्य होते, छळ सोसलेले होते. पण छळ सोसलेला प्रत्येक समाज दुसऱ्यासाठी दार उघडतोच असे नाही, त्यामुळे या कारणावर मी फार भार देत नाही.

आपल्याला आवडेल म्हणून एक गोष्ट सांगतो. बर्लिनमध्ये मोहम्मद हेल्मी नावाचा इजिप्शियन डॉक्टर होता. वंशाच्या कारणावरून रुग्णालयातून त्यालाही काढले होते. त्याने आना बोरोस या ज्यू मुलीला युद्ध संपेपर्यंत लपवून ठेवले. २०१३ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला. पण त्याच बर्लिनमध्ये, त्याच काळात जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल्-हुसैनी हिटलरचे पाहुणे म्हणून राहत होते, आणि नभोवाणीवरून नाझींचा प्रचार करीत होते. पहिले नाव सांगावयाचे आणि दुसरे गाळावयाचे, हे मला वर्गात करता येणार नाही. येथेही करीत नाही.

युद्धानंतर ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्ट येथे प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी अपराधाची कबुली दिली. नीम्योलर त्यांत होता, आणि आयुष्यभर तो गावोगाव जाऊन स्वतःच्या मौनाविषयी बोलत राहिला. त्या कबुलीतही ज्यूंचे नाव नव्हते. ते येण्यास १९५० साल उजाडले. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसभेत ज्यूंविषयीची जुनी भूमिका टाकली. त्याच निवेदनात मुसलमानांविषयीही आदराचे शब्द आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेचे पहिलेच कलम माणसाची प्रतिष्ठा अभंग आहे असे सांगते.

मग चर्चे ओस पडली ती केव्हा? मुख्यतः १९६० नंतर. त्या दशकात मोठी झालेली मुले घरात विचारू लागली, की बाबा, तुम्ही दर रविवारी चर्चला जात होता, शेजारचे कुटुंब नेले तेव्हा तुम्ही काय केलेत? बापांकडे उत्तर नव्हते. चर्च रिकामे होण्यास सुबत्ता, शहरे, नवी राहणी अशी अनेक कारणे आहेत. पण हेही एक आहे, असे माझे मत आहे. पुढे चर्चमधील लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणे बाहेर आली. २०१८ मध्ये जर्मन कॅथलिक चर्चने स्वतःच करवून घेतलेल्या अभ्यासात १९४६ ते २०१४ या काळातील ३,६७७ पीडित मुले आढळली. २०२१ च्या अखेरीस दोन्ही मोठ्या चर्चांचे सभासद मिळून देशाच्या निम्म्याहूनही कमी झाले. आपण म्हणतो, त्यांनी धर्म सोडला म्हणून त्यांची नीती गेली. तेथील पुष्कळ माणसे उलट सांगतात. धर्म सांगणाऱ्यांची नीती गेलेली दिसली, म्हणून आम्ही उठून आलो. दोन्ही म्हणणी आपल्या मुलांच्या कानावर पडली पाहिजेत.

श्मित्झ बाई आपल्या मूळ गावी हानाउला परतल्या आणि युद्धानंतर १९५८ पर्यंत पुन्हा शाळेत शिकवीत राहिल्या. आपण काय केले ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. त्यांचे ते निवेदन दुसऱ्याच एका बाईच्या नावावर इतिहासाच्या पुस्तकांत गेले, तेही त्यांनी दुरुस्त केले नाही. १९७७ मध्ये त्या वारल्या तेव्हा दफनाला सात माणसे होती. एका माजी विद्यार्थिनीने १९९९ मध्ये पुराव्यानिशी दाखवून दिले की निवेदन त्यांचेच होते. त्यानंतर पाच वर्षांनी हानाउच्या एका चर्चच्या तळघरात कागदांची एक जुनी बॅग सापडली. तिच्यात त्या निवेदनाचा कच्चा मसुदा होता, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात.